बाळाचं नाव काय? एका सक्तीच्या रकान्याची गोष्ट

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. कोणी पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. कारण आज मला माझी एक चूक सांगायची आहे. आणि त्या चुकीमुळे मी जे वाचायला लागलो, ते सांगायचं आहे.

ऑनलाइन फॉर्म भरताना काही रकान्यांच्या पुढे लाल स्टार असतो, बघितलाय ना? तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पिनकोड टाका, मोबाइल नंबर टाका, नाहीतर सबमिट बटण दाबलं की फॉर्म लाल होऊन ओरडतो. आमच्या भाषेत ती 'रिक्वायर्ड फील्ड'. कोडमध्ये फक्त एक शब्द लिहायचा असतो. मी असे शेकडो लाल स्टार लावले आहेत. त्यातल्या एका स्टारबद्दल आज बोलायचंय.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. बीटेक झालं, नोकरी लागली, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तारुण्य चाललंय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांसारखंच. तीनेक वर्षांपूर्वी वाटायला लागलं, काहीतरी उपयोगाचं करावं. एका मित्राच्या ओळखीतून एका छोट्या संस्थेचं काम मिळालं. शनिवार-रविवार करायचं, बिनपगारी. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. एका आदिवासी तालुक्यातल्या काही गावांमध्ये त्यांना बाळंतपणानंतरच्या भेटींची नोंद मोबाइलवर ठेवायची होती. नोंद करणार होत्या गावातल्याच आशाताई. नेटवर्क नसलं तरी चाललं पाहिजे, मराठीत असलं पाहिजे, स्वस्तातल्या फोनवर चाललं पाहिजे. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

त्याआधी मी एका शाळेसाठी हजेरीचं ॲप बनवलं होतं. त्यात मुलांची माहिती भरायचा तयार फॉर्म होता. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आईचं नाव, गाव. मी तोच उचलला आणि इकडे चिकटवला. सगळे करतात, जुना कोड परत वापरायचा. शाळेच्या फॉर्ममध्ये मुलाच्या नावापुढे लाल स्टार होता. साहजिक आहे, नावाशिवाय हजेरी कशी घेणार? तो स्टार तसाच इकडे आला.

चार महिने ॲप चाललं. मी एक छान डॅशबोर्ड बनवला होता. हिरवे-निळे आलेख, गावांचा नकाशा. त्यात एक चौकोन होता: 'पहिल्या १२ दिवसांतले बालमृत्यू'. त्यात आकडा होता शून्य. चार महिने सलग शून्य. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी तो स्क्रीन शेअर केला. लोकांनी टाळ्यांच्या इमोजी टाकल्या. मलाही वाटलं, अरे वा, काम चांगलं चाललंय.

आता ऐकणाऱ्यांपैकी कोणी नर्स असेल, डॉक्टर असेल, तर त्यांच्या डोक्यात एव्हाना घंटा वाजली असेल. कारण नवजात बाळांचे जे मृत्यू होतात, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. सगळ्यात धोक्याचे दिवस तेच. आणि आमच्या ॲपप्रमाणे त्याच दिवसांत कोणीच दगावत नव्हतं. माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. मला फक्त इमोजी दिसत होत्या.

पाचव्या महिन्यात मी पहिल्यांदा त्या गावांत गेलो. हो, पहिल्यांदाच. ॲप बनवून, चालवून, टाळ्या घेऊन झाल्यावर. एका आशाताईंच्या घरी ओसरीवर बसलो होतो. त्यांनी चहा दिला. मी विचारलं, ॲपमध्ये काही अडचण येते का? त्या आधी म्हणाल्या, नाही, चांगलं आहे. असंच म्हणतात सगळे, पुण्याहून कोणी आलं की. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सर, एक विचारू का? ते नावाचं तेवढं काढता येईल का?"

मी म्हटलं, कुठलं नाव?

"बाळाचं. ते टाकल्याशिवाय पुढं जातच नाही. आणि नाव तर ठेवलेलं नसतं ना तोवर."

मी म्हटलं, मग तुम्ही काय करता?

त्या म्हणाल्या, "थांबते मी. नाव ठेवलं की मग मागच्या सगळ्या भेटी एकदम भरते. वहीत लिहून ठेवलेल्या असतात."

आणि मग मी विचारलं. विचारताना मला कळत होतं की उत्तर काय येणार आहे. "ताई, नाव ठेवायच्या आधीच बाळ गेलं, तर?"

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. पुठ्ठा घातलेला, शाळेच्या वहीसारखा. त्यांनी पानं उलटून मला तीन ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. आईचं नाव, तारीख, वजन, आणि पुढे लहान अक्षरात: 'चौथ्या दिवशी गेलं'. दुसरीकडे: 'त्याच रात्री'. तिसरीकडे फक्त तारीख होती.

माझ्या डॅशबोर्डवर शून्य. ताईंच्या वहीत तीन. एकट्या ताईंच्या वहीत.

म्हणजे मंडळी, काय झालं होतं बघा. आपल्याकडे बारसं साधारण बाराव्या दिवशी. त्या भागात काही घरांत तर त्याहूनही उशिरा. आणि आशाताईंच्या घरभेटी कधी असतात? सरकारी कार्यक्रमाप्रमाणे दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पहिल्या दोन-तीन भेटी, सगळ्यात महत्त्वाच्या, त्या बारशाच्या आधीच्या. माझं ॲप म्हणत होतं, बाळाला नाव असेल तरच ते बाळ आहे. म्हणजे जे बाळ बारशापर्यंत जगलं तेच जन्मलं. जे त्याआधी गेलं, ते जन्मलंच नाही. माझ्या एका शब्दानं मी ती बाळं पुसून टाकली होती. कोणी लपवलं नव्हतं, कोणी खोटं बोललं नव्हतं.

एसटीनं परत येताना मी काही ऐकलं नाही, काही बघितलं नाही. पण त्यानंतर वाचायला लागलो. मला वाटत होतं, माझ्याआधी कोणीतरी याच खड्ड्यात पडलं असणार. आणि ते खरं निघालं. या विषयावर आयुष्य घालवलेली माणसं आपल्याच राज्यात आहेत.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून हे दोघं परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवात तेंदूपत्त्याच्या गोदामातून. शाळेच्या पुस्तकात किंवा सत्काराच्या बातमीत आपण इथपर्यंत वाचतो आणि पान उलटतो. मी पुढे वाचलं, आणि मला जास्त रस वाटला तो त्यांच्या चुकांमध्ये आणि त्यांनी प्रश्न कसे बदलले त्यात.

सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. तो गडचिरोलीत आहे हे दाखवलं. संशोधन म्हणून चोख. पण लोकांना तो आपला मोठा प्रश्न वाटतच नव्हता. डॉ. अभय बंग यांनी स्वतः ही गोष्ट जाहीरपणे सांगितलेली आहे, की आपण आपल्या डोक्यातला प्रश्न घेऊन गेलो, लोकांच्या डोक्यातला नाही. मग त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा, हेसुद्धा विचारलं. लोकांना मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटायची. म्हणून मग दवाखाना गोंड गावातल्या घरांसारखा बांधला, आणि त्याला लोकांच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी. युजर रिसर्च म्हणून आम्ही कंपनीत जे स्लाइडवर लिहितो ना, ते हे.

आता पुढचं ऐका. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. तोपर्यंत जगभरात खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा अभ्यास म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई आई होणार असेल तरच तिची मोजणी. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्यांचीच नाही, गावातल्या बायकांची. १९८९ मध्ये तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी प्रत्येकीला साडेतीनच्या वर आजार. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये बघितलं असतं तर? या बायका तिथे नव्हत्याच. रजिस्टर कोरं, म्हणजे आजार नाही. माझ्या शून्यासारखंच.

मग बाळांचा प्रश्न. तिथे मुलं न्यूमोनियानं मोठ्या प्रमाणात जात होती. न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण गावातली दाई, जी बाळाजवळ खरोखर असते, तिला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? इथे माझ्यासारखा माणूस म्हणाला असता, शिकलेली बाई शोधा. त्यांनी काय केलं? मोजायचं यंत्रच बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्यासोबत मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आलं की झालं. मला विचाराल तर मी बघितलेला हा सगळ्यात चांगला इंटरफेस आहे. बॅटरी नाही, अपडेट नाही, लॉगिन नाही.

आणि मग त्यांनी जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतल्या बाळांकडे लक्ष वळवलं. १९९५ च्या सुमारास ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या, त्यांना शिकवलं. त्यांना म्हणायचे आरोग्यदूत. त्या घरी जाऊन बाळ बघायच्या. परत परत, २८ दिवस. आता तुम्हाला माहितीये, बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला सहजासहजी जाऊ देत नाहीत. बाळाला नजर लागते म्हणतात. वजन करणं तर काही घरांत अजूनही आवडत नाही. माझी आजीसुद्धा म्हणते, बाळाला तराजूत घालू नये. त्यामुळे तिथे जाऊ शकेल ती गावातलीच, ओळखीची बाई.

पहिल्या वर्षात त्यांनी ७६३ बाळांचं असं निरीक्षण केलं. त्यातल्या ५४ टक्के बाळांना कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज होती. मदत मिळाली किती जणांना? २.६ टक्के. हा आकडा मी वाचला तेव्हा परत वाचला. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलंय.

त्यानंतर आरोग्यदूतांनी घरातच उपचार सुरू केले. बाळाला ऊब देणं, वजन बघणं, दूध नीट पितंय का ते बघणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि दवाखाना शक्य नसेल तर इंजेक्शनसुद्धा. डॉक्टरांच्या जगात यावर वाद झाला. दहावीही न झालेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार? १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. जवळच्या ४७ गावांशी तुलना केली तर तिसऱ्या वर्षात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे ही पद्धत अनेक देशांत तपासली गेली, आणि २०११ पासून भारत सरकारनं आशाताईंच्या कामात नवजात बाळाच्या घरभेटी घातल्या. तिसरा दिवस, सातवा दिवस. म्हणजे ओसरीवर ज्या ताईंनी मला वही दाखवली, त्यांच्या त्या भेटींचं मूळ गडचिरोलीत होतं. आणि मी, पुण्यातल्या खोलीत बसून, त्याच भेटींवर लाल स्टार लावून ठेवला होता.

आता एखादा म्हणेल, हे बाळांचं आणि बायकांचं झालं, बाकी आकडे तर बरोबर असतात ना? तर एक छोटं उदाहरण, सर्पदंशाचं.

भारतात साप चावून दरवर्षी किती माणसं मरतात? दवाखान्यांतून येणाऱ्या सरकारी आकड्यांवर आपण बरीच वर्षं विसंबून होतो. मग 'मिलियन डेथ स्टडी' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. भारताचं रजिस्ट्रार जनरल कार्यालय आणि टोरांटोतले संशोधक प्रभात झा यांचा. त्यात काय केलं? ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी जाऊन विचारलं. काय झालं होतं, ताप होता का, किती दिवस, श्वास कसा होता. घरच्यांच्या शब्दांत लिहून घेतलं आणि मग ते डॉक्टरांनी वाचून कारण ठरवलं. याला 'व्हर्बल ऑटोप्सी' म्हणतात. बोलून केलेलं शवविच्छेदन म्हणा हवं तर. त्यातून २००५ या वर्षासाठी अंदाज आला सुमारे ४६,००० मृत्यूंचा. दवाखान्यांच्या आकड्यांच्या तीसपटीहून जास्त! कारण? साप चावून गेलेल्या माणसांपैकी जेमतेम चौथा हिस्सा दवाखान्यात गेला होता. बाकीचे शेतात, घरी, वाटेत. आणि ९७ टक्के मृत्यू खेड्यांत.

आकडा कमी दिसला की औषध कमी पाठवलं जातं. औषध कमी असलं की माणूस दवाखान्यात जातच नाही, मांत्रिकाकडे जातो. मग तो आकड्यात येत नाही. असं ते चक्र.

शाळेचंही तेच. आपल्याकडे किती शाळा, किती पटसंख्या, किती शिक्षक, हे सगळं मोजलं जात होतं. मूल वाचू शकतं का, हे घरी जाऊन देशभर कोणी मोजत नव्हतं. 'प्रथम' संस्थेनं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी सुरू केली. स्वयंसेवक गावात जातात, घरोघरी. हातात एक साधा कागद. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला म्हणायचं, वाच. बस. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या साधारण अर्ध्या मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता येत होती. पटावर नाव होतं, हजेरी होती, पण वाचता येत नव्हतं. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर ही तपासणी घरी होते. शाळेत केली असती तर त्या दिवशी न आलेली मुलं सुटली असती. जी मुलं शाळेत येत नाहीत, त्यांचाच तर प्रश्न मोठा असतो.

बघा ना, बाई, बाळ, साप चावलेला शेतमजूर, शाळेत न आलेली पोरगी. सगळ्यांच्या बाबतीत एकच झालं. आपण नोंदवही ठेवली ती आपल्या सोयीच्या जागी, आणि वाट बघितली की माणसं तिथे येतील. जी आली नाहीत ती नाहीत असं धरलं. ज्यांनी खरं काही शोधलं, ते उठून दारापर्यंत गेले, आणि समोरच्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला.

प्रश्न कसा विचारायचा, यावर एक गोष्ट सांगतो आणि मग संपवतो. जरा घरची आहे.

आपल्या देशात 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी' होते, १९९२-९३ पासून. तिचं काम मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते. त्यांची प्रश्नावली मी उतरवून वाचली. बाईला फक्त 'तुम्हाला किती मुलं आहेत' एवढंच विचारून थांबत नाहीत. आधी, किती मुलगे, किती मुली तुमच्याजवळ राहतात. मग, किती दुसरीकडे राहतात. आणि मग विचारतात, जन्मताना जिवंत होतं पण नंतर वारलं असं कोणी होतं का? 'नाही' म्हटलं तरी परत विचारायचं, रडलेलं, हालचाल केलेलं, थोडा वेळच जगलेलं असं कोणी? मला आधी वाटलं, किती वेळा विचारतात, बाईला त्रास नाही का होत? मग लक्षात आलं, पहिल्याच प्रश्नावर थांबलं तर ती बाळं कायमची सुटतात. 'आहेत' या शब्दात ती बसतच नाहीत.

त्या दिवाळीत मी गावी गेलो होतो, साताऱ्याकडे. आजी निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसलो. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की आजीला तीन मुलं, दोन काका आणि माझे बाबा. मी 'किती मुलं आहेत' असं विचारलं नाही. मी विचारलं, "आजी, तू किती वेळा बाळंत झालीस गं?"

तिनं तांदळातून हात काढला नाही. म्हणाली, "पाच वेळा."

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "एक पोरगी होती, तुझ्या बाच्या आधीची. नऊ दिवस होती. एक तर रडलाच नाही नीट. दाई म्हणाली मेलेलंच झालं, पण मी बघितलेलं, हात हलला होता त्याचा."

साठ वर्षं होत आली असतील. बाबांना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. मोठ्या काकांना काहीतरी अंधुक आठवत होतं. आमच्या घरी भिंतीवर वंशावळ लावलेली आहे, फ्रेम करून. त्यात ते दोघं नाहीत. त्यांना नाव नव्हतं, त्यामुळे चौकोनात लिहिणार काय?

मी विचारलं, नाव ठरवलं होतं का पोरीचं? आजी म्हणाली, "ते कशाला आता," आणि मला पाणी आणायला पाठवलं. मीही परत विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट विचारायलाच पाहिजे असंही नाही.

तर मंडळी, ॲपचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. नावापुढचा स्टार काढायला मला दोन मिनिटं लागली. नाव नसेल तर ॲप आता आपोआप 'अमुकचं बाळ' असं लिहितं, आईच्या नावावरून. दवाखान्यात हे पूर्वीपासून असंच करतात, कोणाही नर्सला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. दुसरं, आम्ही एक प्रश्न वाढवला: 'जन्मल्यावर बाळ रडलं का, हललं का, श्वास घेतला का?' कारण थोडा वेळ जगून गेलेल्या बाळाला 'मेलेलंच जन्मलं' असं लिहून टाकलं जातं, आणि मग त्याला वाचवता आलं असतं का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. हा प्रश्न कोणत्या शब्दांत असावा, ते मी ठरवलं नाही. पाच आशाताई बसल्या आणि त्यांनी ठरवलं. मी फक्त टाइप केलं.

जुन्या वह्यांमधल्या नोंदीही भरून घेतल्या. आणि मग डॅशबोर्डवरचा आकडा शून्यावरून वर गेला. पुढच्या मीटिंगमध्ये इमोजी आल्या नाहीत. कोणीतरी विचारलं, "मृत्यू अचानक वाढले कसे? काम ढिलं पडलं का?"

हे सगळ्यात अवघड होतं. कारण आकडा वाढला की पहिली ओरड खालच्या माणसाला पडते. आशाताईंना विचारणार, तुमच्या गावात मृत्यू कसा झाला? आणि एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी ती बाई वहीतसुद्धा लिहिणार नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला होता. 'सर्च' आणि इतर संस्थांनी मिळून राज्यातले बालमृत्यू स्वतः मोजले होते. सरकारी नोंदीत होते त्यापेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. गावपातळीवरून वर जाताना मृत्यू गळत जात होते. लपवणाऱ्यांत सगळे वाईट होते असं मला वाटत नाही. खरं लिहिलं तर शिक्षा, आणि न लिहिलं तर शाबासकी, अशी रचना असली की कोणीही तसंच वागेल. मी तर लपवायचं ठरवलंही नव्हतं, तरी मला टाळ्या मिळाल्याच ना.

त्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की मृत्यू वाढलेले नाहीत, दिसायला लागले आहेत. आधीचा शून्य माझ्यामुळे होता. हे सांगताना माझा आवाज जरा कापत होता, खोटं कशाला बोलू. संस्थेच्या प्रमुख बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या तीन बाळांचं वजन किती होतं?" वहीत वजन होतं. तिथून पुढची चर्चा सुरू झाली. बाळ कमी वजनाचं असेल तर त्याच दिवशी परत भेट द्यायची का, ऊब ठेवायला पिशव्या किती लागतील, रात्री गाडी कुठून मिळेल. आकडा खरा असला की बोलणं कामाच्या गोष्टींवर येतं.

तुमच्यापैकी बरेच जण कोड लिहिता, काही जण प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्म फिरवता, कोणी एमएसडब्ल्यू करतंय, कोणी गावात सर्व्हेचं काम करतंय. तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. फॉर्म बनवायच्या आधी, तो भरणाऱ्या माणसाशेजारी एकदा बसा आणि विचारा, यात कोण बसणार नाही? आणि कुठे सलग शून्य दिसला, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्या माणसाची वही बघा.

त्या ताई अजूनही वही ठेवतात. मी एकदा म्हटलं, आता तर सगळं ॲपमध्ये जातं, दोन-दोनदा कशाला लिहिता? त्या हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या सर. तुमचा फोन कधी काय विसरेल, काय सांगावं."

मी परत काही बोललो नाही.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी, तुमच्या कामात असं कोणी मोजायचं राहून गेलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.